लहान आतड्याचा कर्करोग स्कॅनमध्ये कसा शोधतात?



पचनसंस्थेचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर आतड्यांची वेटोळी काढतो आणि सांगतो, "लहान आतडे साधारण ६ मीटर लांब असते." मुले 'बापरे' म्हणतात आणि आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण हीच लांबी डॉक्टरांची मोठी अडचण ठरते. ती कशी, ते आज पाहू.

दुर्बीण कुठे थांबते?

तोंडावाटे घातलेली नेहमीची दुर्बीण जठर आणि लहान आतड्याची सुरुवात पाहते. गुदद्वारातून घातलेली दुर्बीण मोठे आतडे आणि फार तर लहान आतड्याचे शेवटचे टोक पाहते. मधला कित्येक मीटरचा भाग दोन्हींना दिसत नाही.

इथला कर्करोग तसा दुर्मीळ, आणि लक्षणेही मोघम. अधूनमधून पोटात कळ, उलटी, वजन घटणे, शौचावाटे नकळत थोडे थोडे रक्त जाणे. हिमोग्लोबिन कमी होते, लोहाच्या गोळ्या सुरू होतात. दोन्ही दुर्बिणींचे रिपोर्ट 'नॉर्मल' येतात आणि घरचे निश्चिंत होतात. खरे तर 'नॉर्मल' म्हणजे जेवढे पाहिले तेवढे नॉर्मल!

पंक्चरवाल्याची युक्ती

सायकलची ट्यूब चपटी असताना भोक सापडत नाही, म्हणून पंक्चरवाला आधी हवा भरतो. स्कॅनचेही तसेच आहे. रिकामे आतडे मिटलेले असते. मिटलेली भिंत जाड भासते आणि छोटी गाठ घड्यांत लपते. म्हणून सीटी एन्टेरोग्राफी या तपासणीत रुग्णाला सुमारे तासाभरात दीड लिटरच्या आसपास खास द्रव प्यायला देतात. आतडे फुगते. मग शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन स्कॅन करतात. आतड्याची भिंत उजळ दिसते, आतला द्रव गडद दिसतो. एका जागी जाड झालेली भिंत, अरुंद झालेला मार्ग, त्याच्या अलीकडे फुगलेले आतडे, सुजलेल्या लसीका ग्रंथी, यकृतातील डाग हे सगळे त्यात शोधता येते.

कोणती तपासणी कशासाठी?

• सीटी: झटपट होते, पण क्ष-किरणांचा मारा होतो.
• एमआरआय: चुंबक आणि रेडिओलहरी वापरतात, क्ष-किरण नाहीत. वेळ जास्त लागतो. वारंवार तपासणी लागणाऱ्या तरुण रुग्णांना सोयीची.
• पेट-सीटी: न्यूरोएंडोक्राइन नावाच्या गाठींच्या पेशींना चिकटणारे गॅलियम-६८ युक्त औषध देतात. शरीरात गाठ जिथे असेल, तिथे ठिपका चमकतो.
• कॅप्सूल: गिळायचा छोटा कॅमेरा. हा स्कॅन नव्हे, पण आतील अस्तर छान दाखवतो. मात्र आतडे अरुंद झाले असेल तर तो अडकू शकतो, म्हणून तशी शंका असल्यास आधी स्कॅन करतात.

स्कॅन म्हणजे निदान का?

नाही. स्कॅन जागा दाखवतो आणि रोग किती पसरला याचा अंदाज देतो. क्षयरोग किंवा क्रोन्सच्या आजारातही भिंत जाड दिसते. आपल्याकडे आतड्याचा क्षय आढळतो, त्यामुळे हा फरक फार महत्त्वाचा. शेवटचा शब्द बायॉप्सीचा, म्हणजे तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा.

वर्गात करून पाहा

फुगवलेल्या फुग्यावर मार्करने छोटा ठिपका काढा. हवा सोडून फुगा चुरगळा आणि दुसऱ्या मुलाला ठिपका शोधायला सांगा. मग पुन्हा फुगवा. 'आधी द्रव का पाजतात?' याचे उत्तर मुलेच देतील. सीटी स्कॅनसाठी हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले, तेही जाता जाता सांगा.

पालकांसाठी

घरातल्या मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही पुन्हा पुन्हा घसरत असेल, तर "वय झालं, चालायचंच" म्हणू नका. बहुतेकदा कारण कर्करोग नसते, पण कारण शोधायलाच हवे. डॉक्टरांना सरळ विचारा, "लहान आतडं तपासलंय का?" हा एक प्रश्न कित्येक महिने वाचवू शकतो.