जाहिरातीतले औषध : केसांचे आणि पोटाचे

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता सात रस्त्यावरच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय साठीच्या पुढे, सारा जन्म पूर्व भागात यंत्रमागावर गेलेला. बरोबर लग्नाला आलेली मुलगी. मामांच्या हातात एक पुडी होती आणि ती ज्या जाहिरातीवरून मागवली, ते कात्रणही होते.

"डॉक्टर, चार महिने हीच घेतोय. पोटात जळायचं थांबतं बघा. पण आता जिना चढला की धाप लागते."

पापणी उलटून पाहिली तर पांढरीफटक. "मामा, शौचाला काळं होतं का?" असे विचारले. ते म्हणाले, "डांबरागत. पण पुडीवर लिहिलंय, पोटातली घाण बाहेर पडते म्हणून." हिमोग्लोबिन निघाले सहा. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात रक्त वाहणारा व्रण दिसला. रक्त चढवावे लागले, दहा दिवस रुग्णालयात काढावे लागले. मामा वाचले.

व्रण झाला कशाने? गुडघेदुखीच्या गोळ्यांनी. त्या गोळ्या पाच दिवसांसाठी मीच दोन वर्षांपूर्वी लिहून दिल्या होत्या. 'पुढे आपल्या मनाने घेऊ नका' हे बजावायचे गर्दीत राहून गेले आणि मामा त्याच जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणत राहिले. गोळीने जठराला जखम केली, पुडीने जळजळ दाबून ती जखम लपवली. या चुकीतला माझा वाटा मान्य करूनच आजचा विषय मांडतो आहे.

जुन्या पानांवरची औषधे

जाहिरातीच्या औषधाचा हा प्रकार नवा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रे आणि मासिके चाळली, तर जाहिरातींच्या पानांवर केशतेले, पाचक औषधे आणि शक्तिवर्धक गोळ्या यांचीच गर्दी दिसते. मुंबईचे कामिनिया तेल, कलकत्त्याची जबाकुसुम आणि कुंतलीन ही तेले, मुंबईचे डोंगरे बालामृत, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या, लाहोरची अमृतधारा ही नावे त्या काळी घरोघरी माहीत होती. मुंबईत १८९३ साली निघालेला अमृतांजन बाम तर आजही अनेक घरांत सापडेल.

या व्यवसायातली कल्पकता मोठी होती. कुंतलीन तेलाच्या मालकांनी १८९६ साली कथास्पर्धा लावली. अट अशी की, गोष्टीत तेलाचा उल्लेख यावा. पहिले बक्षीस मिळवणारी कथा होती थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांची! तापाने केस गेलेला एक मनुष्य बोटीने प्रवासाला निघतो. समुद्रात वादळ उठते, तो केशतेलाची बाटली पाण्यात ओततो आणि लाटा शांत होतात. बोस यांनी ही गंमत विज्ञानाच्या अंगाने केली होती. जाहिराती मात्र असलेच चमत्कार गंभीर चेहऱ्याने सांगत.

बाटली घरापर्यंत कशी पोचली?

यामागे टपालखाते होते. आपल्या देशात १८७७ साली व्ही. पी. पी. सुरू झाली आणि १८८० पासून मनीऑर्डर टपालातून जाऊ लागली. आधी माल हातात, मग पोस्टमनकडे पैसे. जिथे डॉक्टर नव्हता, तिथेही वर्तमानपत्र येत होते आणि त्याच पोस्टमनच्या थैलीतून बाटलीही येत होती. शिवाय टक्कल, बद्धकोष्ठ, अशक्तपणा या गोष्टी चारचौघांत बोलायला माणूस लाजतो. पार्सल काही विचारत नाही.

'पेटंट' शब्दाची गंमत

अशा औषधांना 'पेटंट औषध' म्हणत. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेकांचे पेटंट नव्हतेच. पेटंट घ्यायचे तर आत काय आहे ते सांगावे लागते आणि यांचा सारा धंदा गुपितावर चाले. नोंदवलेले असे ते नाव आणि चित्र. इंग्लंडमध्ये १७८३ पासून अशा बाटल्यांवर कराचा सरकारी शिक्का असे. लोक समजत, सरकारने औषध तपासले आहे!

तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने १९०९ साली अशा गुप्त औषधांचे पृथक्करण करून पुस्तकच काढले. पोटासाठी जगभर खपणाऱ्या बीचमच्या गोळ्यांत निघाले काय? कोरफडीचा वाळवलेला चीक, सुंठ आणि साबण. डबी साडेतेरा पेन्सला, आतला माल पेनीच्या आठव्या हिश्श्याचा! कोरफडीच्या चिकाने जुलाब होतो एवढे खरे. बाकी किंमत जाहिरातीची.

आपल्याकडच्या अमृतधारेसारख्या औषधात मुख्यतः कापूर, पेपरमिंट आणि ओव्याचे सत्त्व असते. तिन्ही घन पदार्थ एकत्र ठेवले की आपोआप पातळ होतात. दोन थेंबांनी पोटातला वारा सरतो, घटकाभर बरे वाटते. हे मी नाकारत नाही. माझे भांडण ओव्याशी नाही, एकाच बाटलीने सगळे रोग जातात या दाव्याशी आहे.

मग गुण का येतो?

कारण बरेच त्रास आपोआप थांबतात. मामांच्या मुलीचेच पाहा. पुंजक्यांनी केस गळतात म्हणून तिने जाहिरातीतल्या तेलाच्या तीन बाटल्या संपवल्या होत्या. मी विचारले, "बाई, दोन-तीन महिन्यांपूर्वी आजारी होतीस का?" तिला डेंग्यू झाला होता. जोराचा ताप, बाळंतपण किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली की बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. हे गळणे बहुधा सहा महिन्यांत थांबते आणि नवे केस येतात. तेवढ्यात जे तेल लावले असेल, त्याला श्रेय मिळते. मुलीचे हिमोग्लोबिनही साडेआठ होते. तिला तेलाची नव्हे, लोहाच्या गोळ्यांची गरज होती.

रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. पुरुषांचे आनुवंशिक टक्कल कोणत्याही तेलाने भरून येत नाही. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. त्याने अंगावर केस वाढतात असे दिसल्यावर ते डोक्याला लावण्यासाठी वापरात आले. त्याचा उपयोग काहींना, काही अंशी आणि लावत राहीपर्यंतच होतो. खरे औषध आपल्या मर्यादा सांगते, हीच त्याची ओळख.

कायदा काय म्हणतो?

१९३०-३१ साली कर्नल चोप्रा समितीने औषधांच्या बाजाराची चौकशी केली, त्यातून १९४० चा औषध कायदा आला. १९५४ साली आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या यादीतल्या रोगांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा आहे. त्या यादीत जठर-आतड्यांचे व्रण आहेत. टक्कल बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही, हे १९४५ च्या औषध नियमांत आहे. पण 'गॅस' आणि 'अपचन' हे शब्द व्रणांच्या यादीत येत नाहीत. जाहिरातवाला तेवढेच शब्द वापरतो आणि व्रणाचा रोगी आपण होऊन त्याच्या दारात जातो. फसवी जाहिरात दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे कात्रणासह तक्रार करावी.

पुडी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा

पुढीलपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका :

१. शौचाला डांबरासारखे काळे होणे, रक्ताची उलटी.
२. वजन घटणे, घास अडकणे, वारंवार उलट्या.
३. चाळिशीनंतर प्रथमच सुरू झालेले अपचन, किंवा दोन-तीन आठवडे न थांबणारी जळजळ.
४. चालताना छातीत येणारा दाब, घाम, डाव्या हातात कळ. याला 'गॅस' समजून सोडा पिणे जिवावर बेतते. लगेच रुग्णालय गाठा.
५. डोक्यावर गोल चाई पडणे, मुलांच्या डोक्यात खवले येऊन केस तुटणे, केस गळण्याबरोबर थकवा किंवा पाळीची तक्रार.

आणि दुखण्याच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर आणू नका.

मामा परवा दाखवायला आले होते. आता जिना चढून येतात. मुलीचे लग्न ठरले, त्याचे पेढे घेऊन आले होते. मी त्यांच्याकडून ती जुनी चिठ्ठी मागून घेतली आणि त्यांच्यासमोर फाडली. आपल्याही घरात, देवघराच्या फळीवर किंवा उशाखाली अशी एखादी चिठ्ठी असेल. आज शोधून काढा.