गळ्यातील ग्रंथी आणि आपले घरचे डॉक्टर

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकावर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर माझ्या घरात आहे. आम्ही हिंजवडीचे. शिवारात आयटी पार्कच्या इमारती उभ्या राहिल्या, पण गावठाणातील आमचे घर अजून एकत्र आहे. पहाटे पाचला उठून ते सांभाळणारी माझी काकू चाळिशीत हळूहळू थकू लागली. बसल्या जागी तिचा डोळा लागे. अंग जड झाले, आवाज घोगरा झाला, केस गळू लागले; वैशाखातही तिला गोधडी लागे. घरात तिला 'आळशी' म्हणू लागले. एकदा मीही हसत हसत तसे म्हणालो. ते आठवले की आजही मान खाली जाते.

डॉक्टरांकडे दोन वर्षे खेपा झाल्या. कधी रक्तवाढीच्या गोळ्या, कधी ताकदीचे इंजेक्शन आणि शेवटी, "या वयात बायकांना असं व्हायचंच," हे समाधान! नात्यातील एका परिचारिकेच्या आग्रहामुळे रक्त तपासले, तेव्हा टी.एस.एच. 60 च्या वर निघाला. सर्वसाधारणपणे तो 4-5 च्या आत असतो.

हा आकडा म्हणजे काय? गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, टी-4 व टी-3 ही संप्रेरके तयार करते. शरीरातील सर्व कामांचा वेग त्यांवर अवलंबून असतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टी.एस.एच. पाठवून तिला हाकते. बैल मंदावला की गाडीवानाचा आसूड जोरात चालतो, तसेच हे आहे. म्हणून टी.एस.एच. वाढला याचा अर्थ बहुधा थायरॉइड मंदावली असा होतो. मात्र गाडीवानच आजारी असेल, तर बैल मंद असूनही आसूड हलत नाही. अशा वेळी टी-4 पाहिल्यावाचून रोग सापडत नाही. नुसते टी-3 तपासणेही पुरेसे नाही, कारण ते पुष्कळदा उशिरापर्यंत ठीक दिसते.

हे ज्ञान नवे नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी 1891 मध्ये मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशाच एका रुग्ण स्त्रीला बरे केले. ती पुढे 28 वर्षे जगली. ग्रंथीवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटते, त्या विकाराचे वर्णन जपानचे हाशिमोतो यांनी 1912 मध्ये केले. आपल्याकडे 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. परंतु 'थायरॉइड म्हणजे गलगंड' हे समीकरणही मनात घट्ट बसले. काकूचा गळा सुजलेला नव्हता!

मुंबई, गोव्यासह भारतातील आठ शहरांतील प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात जवळजवळ 11 टक्के लोकांना मंद थायरॉइडचा विकार आढळला. त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांना तो आपल्याला आहे याचा पत्ताच नव्हता.

मग डॉक्टरांना दोष द्यावा काय? दवाखान्यात रांग लागलेली असते. थकवा, बद्धकोष्ठ, उदासपणा, पाळीच्या तक्रारी ही लक्षणे शंभर आजारांत दिसतात. तरीही ती एकत्र आली की एक तपासणी सुचावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. उलट, टी.एस.एच. किंचित वाढला की लगेच प्रत्येकाला गोळी देणेही बरोबर नाही. मात्रा जास्त झाल्यास हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात.

रोग सापडल्यावरही आमची परवड थांबली नाही. काकू गोळी चहाबरोबर घेई आणि लगोलग लोहाची गोळी. वास्तविक थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. लोह व कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर हवे. मात्रा बदलल्यावर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. हे तिला कोणी सांगितले नव्हते. पुढे अहवाल ठीक आला तेव्हा "आता गोळी बंद करा" असा सल्लाही मिळाला. अहवाल गोळीमुळेच ठीक होता, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. गोळी बंद होताच काही महिन्यांत पुन्हा तेच दिवस आले.

गरोदरपणी ही हयगय अधिक महाग पडते. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावरच अवलंबून असते आणि आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीची मात्रा बहुधा वाढवावी लागते.

आपण काय करावे? सर्व लक्षणे कागदावर लिहून न्यावीत, जुने अहवाल जपावेत आणि "डॉक्टरसाहेब, एकदा थायरॉइड पाहू या का?" असे नम्रपणे विचारावे. विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

काकू आता पुन्हा पहाटे उठते. उशाशी पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांची डबी असते. वाचकहो, आपल्या घरात कुणी अलीकडे 'आळशी' झाले असेल, तर तसे म्हणण्यापूर्वी एकदा रक्त तपासून घ्या, एवढीच विनंती.