पाठवलेला पैसा परत आणता आला पाहिजे

परदेशात राहून घरी पैसे पाठवणारी आपली माणसं या व्यवहारात सगळ्यांत जास्त लक्ष देतात ते दराकडे. डॉलर आज कितीला आहे, उद्या दहा पैशांनी चढेल का, कोणत्या अ‍ॅपवर पहिल्या वेळी शुल्क माफ आहे. हे पाहूच नये, असं मी म्हणणार नाही. पण हिशेब करून बघा: लाखभर रुपये पाठवताना डॉलरमागे दहा पैशांचा फरक पडला तर हाती येणारी तफावत सव्वाशे रुपयांच्या आतच असते. खरं नुकसान होतं ते वेगळ्या जागी. पैसा भारतात कोणत्या खात्यात उतरला आणि त्याचा कोणता कागद आपल्याकडे राहिला, यावर पुढची पंधरा-वीस वर्षं अवलंबून असतात. घर विकून मुलीच्या शिक्षणासाठी रक्कम तिकडे न्यायची वेळ येते, तेव्हा दराची बचत कुणाला आठवतही नाही; आठवतं ते हे, की बँक एक जुना कागद मागते आहे आणि तो कुठे मिळेना. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच, की पैसे पाठवण्याआधी ते परत न्यायचे झाले तर कसे नेता येतील, हे ठरवून घ्यावं. हा थोड्या लोकांचा प्रश्न नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशांतून भारतात आलेल्या अशा रकमांत एकट्या महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के होता, केरळपेक्षाही किंचित जास्त.

सुरुवात होते ती देश सोडताना मागे राहिलेल्या साध्या बचत खात्यापासून. त्यावर यूपीआय चालू असतं, गृहकर्जाचा हप्ता आणि म्युच्युअल फंडाची एसआयपी त्यातूनच जाते, म्हणून ते तसंच राहू दिलं जातं. वर्षाचे १८२ दिवस पूर्ण व्हायचे आहेत, मग बघू, असंही पुष्कळांना वाटतं. पण दिवसांची ही मोजणी प्राप्तिकरासाठी आहे. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे १९९९ चा फेमा, वेगळं म्हणतो: नोकरीसाठी किंवा व्यवसायासाठी देश सोडला की त्या दिवसापासून माणूस अनिवासी, आणि त्याचं निवासी खातं एनआरओ करून घेणं भाग आहे. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, मग आता कोण विचारणार, हा यावरचा नेहमीचा प्रतिवाद. तो आता टिकत नाही. केवायसी नव्याने होते, कोणत्या देशात कर भरता हे बँक लिहून घेते आणि देशादेशांत खात्यांच्या माहितीची देवाणघेवाण होते. फेमाखालचा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. पण मला दंडापेक्षा दुसरी गोष्ट गंभीर वाटते. त्या खात्यात परदेशी पगारातून भरलेला पैसाही इथल्या पैशात मिसळून जातो, आणि पुढे खातं एनआरओ झालं की ती सगळी रक्कम एनआरओचीच ठरते.

एनआरओची ठरते म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं, कारण सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. एनआरई खात्यात बाहेरून आलेला पैसा रुपयांत राहतो, त्यावरचं व्याज भारतात करमुक्त असतं आणि मुद्दल-व्याज दोन्ही मर्यादेविना, फारशा कागदांविना परत नेता येतं. रुपयाची घसरण नको असेल तर एफसीएनआर ठेव आहे. ती एक ते पाच वर्षांसाठी विदेशी चलनातच राहते. एनआरओ खातं इथल्या मिळकतीसाठी आहे: घरभाडं, पेन्शन, लाभांश, वारसाहक्काने आलेले पैसे. त्यातली चालू मिळकत कर भरून नेता येते. बाकीची रक्कम एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत नेता येते, पण त्यासाठी आजवर १५ सीए आणि १५ सीबी या नावांनी ओळखली गेलेली कागदपत्रं लागतात. (एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलले आहेत; सीएला चालू क्रमांक विचारून घ्यावा.) एनआरईतून एनआरओत पैसा सहज जातो. उलट न्यायचा तर करभरणा, पैशाचा उगम आणि सीएचा दाखला, हे सगळं मांडावं लागतं. दाराची कडी एकाच बाजूने आहे, हे एकदा लक्षात आलं की परदेशातला पगार कुठे उतरवायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्याकडे १० लाख डॉलर येणार कुठून, मग मर्यादेची काळजी कशाला, असं यावर कुणी म्हणेल. मर्यादा ही अडचण नाहीच. छोट्या रकमेलाही पुरावा तोच लागतो आणि दर वेळी नव्याने लागतो. शिवाय व्याजाचं बघा. एनआरओमध्ये १० लाख रुपयांची ठेव आहे आणि व्याज सात टक्के धरलं, तर वर्षाचे ७० हजार होतात. त्यावर बँक ३० टक्के आणि उपकर मिळून ३१.२ टक्के दराने कर कापते, म्हणजे २१ हजार ८४० रुपये. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार हा दर कमी करून घेता येतो, पण त्यासाठी राहत्या देशाचा करनिवासाचा दाखला वेळेवर द्यावा लागतो. तेच पैसे पहिल्यापासून एनआरईत असते तर भारतात यातला एक रुपयाही कापला गेला नसता. डॉलरमागच्या दहा पैशांसाठी आठ-आठ दिवस थांबणाऱ्याने हा आकडा त्याशेजारी मांडून पाहावा.

आता सगळ्यांत नाजूक भाग, वडिलांच्या किंवा भावाच्या खात्याचा. नवं खातं काढायचा व्याप नको म्हणून बचत दरमहा बाबांच्या खात्यात जाते आणि ते तिथे एफडी करत राहतात. मुलाने आई-वडिलांना दिलेल्या पैशावर त्यांना कर लागत नाही, हे खरं. पण कायद्याच्या नजरेत ती रक्कम त्या दिवसापासून त्यांची झाली. व्याजावरचा कर त्यांच्या माथी, आणि परत पाठवायची तर ती त्यांनी स्वतः, निवासी व्यक्तीसाठी असलेल्या उदारीकृत योजनेतून, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत पाठवायची. भेट म्हणून पाठवताना वर्षात १० लाख रुपयांपुढच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो पुढे विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर सत्तरीतल्या माणसाचे पैसे अडकतात. आणि बाबांच्या माघारी ती ठेव सगळ्या वारसांची असते. वीस वर्षं पाठवलेली बचत आपली होती हे सख्ख्या भावंडांपुढे सिद्ध करावं लागणं, याहून वाईट वेळ मला सुचत नाही. बचत स्वतःच्या नावावर ठेवणं म्हणजे घरच्यांवर अविश्वास, असं काहींना वाटतं. मला हे पटत नाही. घरखर्चासाठी, औषधांसाठी द्यायचे पैसे मोकळ्या मनाने त्यांच्याच खात्यात घालावेत. ते त्यांचेच आहेत. बचत मात्र आपल्या एनआरई खात्यात राहावी. त्यात जवळच्या निवासी नातेवाइकाला सहखातेदार करता येतं, आपण हयात असेतो आपण आणि नंतर ते, या अटीवर. कुलमुखत्यारपत्र दिलं तर इथली देणीही ते त्या खात्यातून भागवू शकतात. घरच्यांच्या हाती व्यवहार राहतो आणि नात्यावर पुढे ओझं येत नाही.

घराच्या व्यवहारात या सगळ्याची किंमत एकदम दिसते. एनआरई खात्यातून किंवा थेट बाहेरून आलेल्या पैशाने घेतलेलं घर विकलं, तर मूळ भरलेल्या रकमेइतका पैसा १० लाख डॉलरच्या मर्यादेबाहेर परत नेता येतो. ही सवलत दोन राहत्या घरांपुरती आहे आणि वरचा नफा एनआरओत जातो. पण घर बाहेरच्या पैशाने घेतलं होतं हे दाखवायचं कशाने? परदेशी रक्कम आल्याच्या दाखल्याने, म्हणजे एफआयआरसीने, आणि त्या काळच्या स्टेटमेंटने. मनी लाँडरिंगविरोधी कायद्यानुसार व्यवहाराच्या नोंदी बँकेने पाच वर्षं जपायच्या असतात. घर विकलं जातं ते पंधरा-वीस वर्षांनी, आणि तोवर शाखा हलते, बँकेचं विलीनीकरण होतं, जुन्या नेटबँकिंगमधली स्टेटमेंटं दिसेनाशी होतात. म्हणून दर रकमेचा दाखला त्याच महिन्यात मागून घ्यावा आणि आपल्याजवळ दोन ठिकाणी ठेवावा. विक्रीच्या वेळी आणखी एक धक्का असतो. विकणारा निवासी असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर खरेदीदार एक टक्का कर कापतो. विकणारा अनिवासी असेल तर भांडवली नफ्याच्या दराने कापतो, आणि धास्तीपोटी पुष्कळदा पूर्ण किमतीवर. कमी कपातीचं प्रमाणपत्र साठेखताच्या आधीच काढून घ्यावं. कोकणात कलमांची बाग किंवा शेतजमीन घ्यायची हौस असणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशाने मिळालेलं बाळगता येतं.

दराबद्दल थोडंच. जाहिरातीतलं शून्य शुल्क बघू नये. खिशातून किती गेले आणि खात्यात किती रुपये उतरले, एवढीच तुलना करावी. अमेरिकेत २०१३ पासून कंपनीला दर, शुल्क आणि पोहोचणारी रक्कम आधी सांगणं बंधनकारक आहे, आणि पैसे भरल्यापासून अर्ध्या तासात व्यवहार सहसा रद्दही करता येतो. स्विफ्टने डॉलर पाठवले तर वाटेतली मध्यस्थ बँक आपलं शुल्क कापू शकते आणि रुपयांत बदलण्याचा दर भारतातली बँक लावते. तो आधी विचारून घ्यावा. दुबईतल्यांनी दिर्‍हामचा वेगळा अंदाज बांधण्यात अर्थ नाही, कारण दिर्‍हाम १९९७ पासून ३.६७२५ या दराने डॉलरला बांधलेला आहे. ऑनलाइन सेवा निवडताना मात्र एक प्रश्न आधी विचारावा: पैसे एनआरई खात्यात परदेशी रक्कम म्हणून जमा होतील ना, आणि दाखला मिळेल ना? उत्तर नीट मिळालं नाही, तर दर कितीही चांगला असो, ती सेवा बचतीसाठी वापरू नये.

सगळ्यांत चांगला दर हवालावाला देतो, हेही ऐकू येतं. गावात बँकेची शाखा नव्हती आणि म्हातारीच्या हातात पैसे पोहोचायला हवे होते, त्या काळात आखातातल्या कामगारांना हा मार्ग का जवळचा वाटला, हे मी समजू शकतो. आता डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते आणि गरज उरलेली नाही. हवाल्यात पैसा अनोळखी माणसाच्या खात्यातून येतो. तो सायबर फसवणुकीचा निघाला तर गोठतं ते घरच्यांचं खातं, आणि पोलिसांना पैशाचा उगम सांगायला आपल्याकडे काहीच नसतं.

दुसऱ्या देशाचा कायदाही विसरून चालत नाही. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत राहणाऱ्याला ते तिथल्या विवरणपत्रात दाखवून कर भरावा लागतो, आणि परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १० हजार डॉलरपुढे गेली तर एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती देणारा अहवाल, भरावा लागतो. कायमचं परतल्यावर एनआरई खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते निवासी करावं लागतं. पण ती रक्कम आरएफसी खात्यात विदेशी चलनातच ठेवता येते, आणि तिथून ती बाहेर नेण्यावर बंधन नसतं. मुलं अजून तिकडे शिकत असतील तर परतीची तिकिटं काढतानाच बँकेकडे या खात्याचा अर्ज द्यावा.