मामाजींच्या पेसमेकरवरची लाली

मामाजींच्या पेसमेकरवरची कातडी लाल दिसतेय, हात लावला तर गरम लागतेय, आणि तुझ्या घशाखाली घास उतरत नाहीये ना? खरं सांगू का, तुझ्या वेळेवर लक्षात आलं, हे फार चांगलं झालं गं.

मे महिन्यात अकोल्यात घामोळं कुणाला होत नाही? पण घामोळं पाठीवर, मानेवरही उठतं. नेमकी यंत्राच्या जागीच सूज, ठणका, पाणी येणं किंवा कातडी पातळ होऊन यंत्राची कड दिसणं, यातलं काहीही असलं तर उन्हाळ्यावर ढकलू नकोस. ताप नसला तरीही.

आता घरच्यांना तूच आवर. सासूबाईंना म्हणावं, हळद नको, शेक नको. गल्लीतल्या डॉक्टरांना सुई घालून पू काढू देऊ नकोस, त्या सुईनंच जंतू आत जाऊ शकतात. मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिकही आणायचं नाही. बघ, आधी रक्ताचं कल्चर व्हायला हवं, तेही दोन-तीन वेळा रक्त घेऊन. गोळी आधी पोटात गेली की जंतू कल्चरमध्ये सापडणं कठीण होतं. बहुतेकदा तो स्टॅफिलोकोकस निघतो, आपल्या कातडीवर, नाकात राहणारा. मग अन्ननलिकेत नळी घालून इको करतात. वायरींवर किंवा झडपेवर जंतू बसलेत का, ते त्यात कळतं.

दीर म्हणतील, औषधानं बघू ना आधी. टाक्यापाशी वरवरची पुळी असेल तर भागतंही. पण जंतू आत यंत्रापर्यंत गेले, की रांजणाला शेवाळं धरतं तसा चिकट थर करून बसतात आणि औषध त्यांना पुरतं मारू शकत नाही. मग यंत्र वायरींसकट काढावंच लागतं, अर्धवट नाही. जुन्या वायरी शिरेला चिकटलेल्या असतात, म्हणून हात अनुभवी हवा आणि हृदयाचे सर्जन जवळ हवेत. जवळच्या अमरावतीच्या दवाखान्यात सरळ विचार, ‘तुम्ही वायरी काढता का?’ नाही म्हणाले तर नागपूर गाठायचं.

मशीन काढल्यावर हृदय थांबेल, ही भीती मनातून काढ. गरज असेल त्याला तात्पुरता पेसमेकर लावतात, रक्त साफ आलं की नवा दुसऱ्या बाजूला बसवतात. काहींना तर पुन्हा लागतही नाही. औषधं मात्र साधारण दोन आठवडे, झडपेपर्यंत गेलं असेल तर चार ते सहा.

आणि पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये, तेव्हा वेगळ्या नावानं, पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपली अमरावती होती. दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठ, यातलं काय काय बसतं ते विचार. रेशनकार्ड, आधार, पेसमेकरचं कार्ड आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांची चिठ्ठी आजच एका पिशवीत घाल. उद्या सकाळीच निघा. मधेच थंडी वाजून ताप भरला, तर रात्रीच.