हसण्यातून उलगडलेलं ब्रिटन

माझं माहेर नाशिकरोडचं आणि संसार इंग्लंडच्या मिडलंड्स भागात. इथलं नागरिकत्व घ्यायचं तर 'लाइफ इन द यूके' ही परीक्षा द्यावी लागते. राजेराण्या, लढाया, संसदेचे नियम पाठ केले की ती सुटते. विनोदाला त्या पुस्तकात जेमतेम थोडी जागा आहे. मला मात्र हा देश कळत गेला तो इथल्या जुन्या-नव्या विनोदी मालिकांतून, आणि त्या पाहताना शेजारीपाजारी, सहकारी कुठे हसतात ते बघण्यातून. नव्याने इथे येणाऱ्या आपल्या मुलामुलींना चार गोष्टी सांगाव्यात असं मनापासून वाटतं.

१. हे लोक पराक्रमही फजितीतून सांगतात.

१९४० सालचा मे महिना. फ्रान्स कोसळत होता आणि जर्मन फौजा कधीही इंग्लिश खाडी ओलांडतील अशी धास्ती होती. तेव्हा सैन्यात घेता येणार नाहीत अशा, वय उलटलेल्या आणि मिसरूडही न फुटलेल्या पुरुषांचं दल उभं राहिलं. तेच पुढे 'होम गार्ड'. सुरुवातीला त्यांच्याकडे पुरेशा बंदुकाही नव्हत्या. ब्रिटिशांना आपल्या इतिहासातल्या ज्या काळाचा सर्वांत जास्त अभिमान, त्या काळावरची त्यांची लाडकी मालिका म्हणजे 'डॅड्स आर्मी'. बीबीसीवर ती १९६८ ते १९७७ चालली आणि अजूनही पुन्हा पुन्हा दाखवली जाते.

पोवाडे ऐकत वाढलेल्या मला आधी हे पचलंच नाही. देश बुडायची वेळ आलेली आणि पडद्यावर धांदरटांची पलटण! बँक मॅनेजर असलेला कॅप्टन मॅनरिंग बुटका, ताठ, मानापमानाला फार जपणारा. त्याची टोपी तिरकी होते, चश्मा घसरतो, हुकूम उलटतात. पण भाग पाहत गेलं की एक गोष्ट ध्यानात येते. जर्मन खरोखर आलेच तर हा माणूस जागचा हलणार नाही, याबद्दल प्रेक्षकाच्या मनात तिळमात्र शंका नसते. त्याचं धैर्य कुणी बोलून दाखवत नाही, आणि न बोलल्यामुळेच ते पटतं. मालिकेचे एक लेखक जिमी पेरी पोरवयात स्वतः होम गार्डमध्ये होते. ही थट्टा घरच्याच माणसाने केलेली आहे आणि तिच्यात माया आहे.

२. तोंड उघडलं की माणसाचा वर्ग कळतो, आणि अर्धा विनोद तिथेच असतो.

मॅनरिंगच्या हाताखालचा सार्जंट विल्सन घरंदाज आहे, महागड्या खाजगी शाळेत शिकलेला. हुद्दा मॅनरिंगचा मोठा, पण विल्सन सहज म्हणून भिंतीला टेकला तरी मॅनरिंगला आपलं साधं घर आठवतं. 'ती फुलराणी' पाहिलेल्या मराठी माणसाला हे दुखणं नवं नाही. पु. लं.नी ते नाटक ज्याच्यावरून रचलं त्या शॉच्या 'पिग्मॅलियन'चा विषय हाच. 'कीपिंग अप अपिअरन्सेस'मधली हायसिंथ तर आपलं बकेट हे आडनाव 'बुके' असं उच्चारायला लावते.

इथे एक बारकावा आहे. वरच्या वर्गात घुसायला धडपडणारा हास्यास्पद ठरतो, पण खालच्या वर्गातला स्वप्नाळू माणूस लोकांच्या गळ्यातला ताईत होतो. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'मधला, लंडनच्या पेकममध्ये सटरफटर माल विकणारा डेल बॉय दरवर्षी लक्षाधीश व्हायचं ठरवतो. १९९६च्या नाताळात तो आणि त्याचा भाऊ खरोखरच श्रीमंत झाले तो भाग २ कोटी ४० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. एवढ्या लोकांना ज्याचं भलं व्हावंसं वाटतं तो त्या देशाचा कोणीतरी लागतो, असं मी मानते.

३. सगळ्यांना सरसकट इंग्लिश म्हणू नका.

हे कामाच्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात शिकावं. स्कॉटिश, वेल्श, आयरिश माणूस लगेच दुरुस्त करतो. त्यातही उत्तर आयर्लंडचा पेच सर्वांत खोल. तिथे स्वतःला ब्रिटिश म्हणायचं, आयरिश म्हणायचं की दोन्ही, हे ज्याचं त्याने ठरवायचं, असं १९९८च्या गुड फ्रायडे करारात लिहिलेलं आहे. मला तो करार समजला 'डेरी गर्ल्स' या मालिकेमुळे. एका भागात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलामुलींना एकत्र बसवून दोघांमधलं साम्य आणि फरक सांगायला लावतात. फरकांचा फळा बघता बघता भरतो. प्रोटेस्टंट लोक टोस्टर कपाटात ठेवतात, त्यांना 'आब्बा'ची गाणी आवडत नाहीत, असली कारणं! साम्याच्या फळ्यावर लिहायला कुणाला काही सुचत नाही. तीस वर्षं माणसं मारणाऱ्या भांडणाबद्दल एवढं खरं एखाद्या जाडजूड ग्रंथातही क्वचित सापडेल. तो फळा पुढे बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये मांडला गेला, आणि ते अगदी योग्यच झालं.

४. आपण विनोदात कुठे आहोत, हे डोळे उघडे ठेवून बघा.

त्याच जिमी पेरींनी आणि त्यांचे जोडीदार डेव्हिड क्रॉफ्ट यांनी १९७४ मध्ये आणखी एक मालिका आणली, 'इट एन्ट हाफ हॉट मम'. १९४५ सालच्या भारतात ब्रिटिश सैनिकांची करमणूक करणारी एक नाटकमंडळी. आणि गाव कोणतं? आमच्या नाशिकरोडजवळचं देवळाली! युद्धाच्या काळात पेरी स्वतः देवळालीच्या छावणीत अशाच मंडळीत होते. शेजारच्या आजोबांनी मोठ्या प्रेमाने मला त्या मालिकेच्या डीव्हीडी दिल्या. तुमच्याच गावची गोष्ट आहे, म्हणाले.

लहानपणी रविवारी ज्या कॅम्पात आम्ही फिरायला जायचो, तो मी त्यात शोधत राहिले. दिसला तो रंगीराम हा भारतीय नोकर. ही भूमिका मायकेल बेट्स या इंग्रज नटाने चेहऱ्याला तपकिरी रंग फासून केली होती. बेट्स जन्मले झाशीत, हिंदुस्तानी त्यांना येत होती, आणि नट म्हणून ते कसलेले होते यात वाद नाही. मालिकेतले गोरे अधिकारीही मठ्ठच दाखवले आहेत. तरी मला आतून टोचत राहिलं. सैनिकांना भीती आहे, प्रेम आहे, घरची ओढ आहे. ज्यांच्या गावात हे सगळं घडतंय ती माणसं मात्र चहा देतात, पंखा ओढतात आणि डोकं हलवतात. होम गार्डमधल्या आपल्या म्हाताऱ्यांना पेरींनी जो जीव दिला, तो देवळालीच्या माणसांना दिला नाही. आजोबांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, आम्ही तेव्हा त्या बाजूने पाहिलंच नव्हतं. आमचं जाणंयेणं त्यानंतर वाढलं. आवडत नसेल तर सांगावं, सभ्यपणे आणि स्पष्ट. चांगला ब्रिटिश माणूस ते ऐकून घेतो.

५. हसवणारे आपण झालो की घर आपलं होतं.

'गुडनेस ग्रेशस मी' आधी रेडिओवर आली, मग १९९८ पासून टीव्हीवर. मीरा स्याल, संजीव भास्कर, नीना वाडिया आणि कुलविंदर घीर हे भारतीय वंशाचे चौघे कलाकार त्यात होते. त्यातला एक प्रसंग सगळ्या देशाला ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये शुक्रवारी रात्री दारू पिऊन तर्र झालेली टोळकी इंडियन रेस्टॉरंटात जाऊन सर्वांत जहाल रस्सा मागवतात, वेटरला छळतात. या प्रसंगात मुंबईतलं भारतीय टोळकं इंग्लिश रेस्टॉरंटात शिरतं, सर्वांत मिळमिळीत पदार्थ मागतं आणि गोऱ्या वेटरच्या नावाची मोडतोड करतं. काही मिनिटांचा खेळ, पण वर्षानुवर्षं मान खाली घालून ताटं पुसणाऱ्या कितीतरी लोकांना त्याने न्याय दिला. माझी इंग्लिश सहकारी हे सांगताना आजही लाजते आणि हसते.

त्यात आपल्यालाही सोडलेलं नाही. मुलांच्या बढाया मारणाऱ्या आया आहेत, स्वतःला कट्टर इंग्लिश म्हणवणारे कपूर आहेत. म्हणूनच तो कार्यक्रम सगळ्यांचा झाला. ब्रिटिश असणं म्हणजे काय, याची व्याख्या त्या चौघांनी जेवढी रुंदावली तेवढी भल्याभल्या मंत्र्यांना जमली नाही.

६. देशाची गोष्ट आणि देशाचा कायदा, दोन्ही पाहा.

जून २०२२ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाची ७० वर्षं साजरी झाली तेव्हा राणीने पॅडिंग्टन अस्वलासोबत चहा घेतला. ते अस्वल मूळचं पेरूचं, जहाजावरच्या होडीत लपून विनापरवाना लंडनला आलेलं. मायकेल बॉन्ड यांना ते सुचलं ते युद्धकाळात गळ्यात चिठ्ठी अडकवून गावोगाव पाठवलेल्या मुलांवरून. होडीतून आलेल्या निर्वासिताला राणी चहा देते, ही या देशाने स्वतःविषयी सांगितलेली फार सुंदर गोष्ट आहे. पण त्याच जूनमध्ये, होड्यांतून येणाऱ्या माणसांना रवांडाला धाडणारं पहिलं विमान उडायच्या बेतात होतं. कोर्टाच्या आदेशांमुळे ते थांबलं. मला दोन्ही ब्रिटन दिसतात, आणि मी पॅडिंग्टनच्या बाजूने मत देते.

७. आता आपली पाळी.

पंजाबी, गुजराती, पाकिस्तानी घरं इथल्या पडद्यावर आली. मराठी घर मला अजून दिसलेलं नाही. गणेशोत्सवात आपली मंडळं एकांकिका बसवतात, त्यातले इंग्लंडवरचे विनोद झकास असतात, पण ते सभागृहाबाहेर जात नाहीत. इथे वाढलेल्या आपल्या पोरांपैकी कुणीतरी ते इंग्रजीत लिहावं. भाजणीच्या वासाने फायर अलार्म वाजतो तो प्रसंग घ्यावा, आणि गोरा जावई पहिल्यांदा पुरणपोळी खातो तोही. लिहिणाऱ्याने मला फक्त कळवावं, तालमीला जागा आणि चहा माझ्याकडे.