स्टॅटिन औषधे : लाभ आणि दुष्परिणामांचा हिशेब

कोलेस्टेरॉल हे शरीराला अनावश्यक द्रव्य नव्हे. पेशींची आवरणे, पित्ताम्ले आणि अनेक संप्रेरके यांच्यासाठी ते लागतेच. प्रश्न उद्भवतो तो एलडीएल कणांतील कोलेस्टेरॉल रोहिण्यांच्या भिंतींत साचू लागल्यावर. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराला स्टॅटिन गटातील औषधे अटकाव करतात. तेथील उत्पादन घटले की यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीच्या हजारो नमुन्यांची तपासणी करून असे पहिले द्रव्य मिळवले. लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली. तथापि, तपासणीतील आकडा उतरल्याने मृत्यू टळतात काय, ही शंका कायम होती.

तिचे निरसन १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीने केले. हृदयविकार असलेल्या ४४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, तर निम्म्यांना औषधी द्रव्य नसलेली, म्हणजे निष्क्रिय गोळी देण्यात आली. सुमारे साडेपाच वर्षांत निष्क्रिय गोळीच्या गटात २५६, तर औषधाच्या गटात १८२ मृत्यू झाले. ही घट सुमारे ३० टक्के. परंतु हीच आकडेवारी निराळ्या रीतीने मांडता येते : शंभरांत साधारण साडेअकरा मृत्यूंऐवजी सव्वाआठ, म्हणजे एक मृत्यू टाळण्यासाठी सुमारे ३० जणांना औषध द्यावे लागले. पहिली घट सापेक्ष, दुसरी निरपेक्ष. जाहिरातीत बहुधा पहिलीच दिसते. समजा, एखाद्या निरोगी व्यक्तीचा दहा वर्षांतील धोका शंभरांत दोन एवढाच आहे. तेथे त्याच ३० टक्क्यांचा लाभ शंभरांत एकालाही पुरत नाही. लाभ मूळ धोक्यावर ठरतो तो असा.

दुष्परिणामांचे मोजमापही सोपे नाही. स्नायूंचे गंभीर विघटन क्वचितच होते, पण ते प्राणघातक ठरू शकते. याच कारणाने सेरिव्हास्टॅटिन २००१ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. जेमफायब्रोझिलसोबत घेतल्यास त्याचा धोका विशेष वाढत असे. रक्तशर्करा वाढण्याची सूचना अमेरिकी औषध प्रशासनाने २०१२ मध्ये वेष्टनपत्रात घातली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींना हा धोका अधिक असतो.

अंगदुखीची तक्रार मात्र सर्रास ऐकू येते. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, त्रासामुळे औषध सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने निष्क्रिय गोळी आणि काही महिने काहीच न देता लक्षणांची नोंद घेण्यात आली. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास वाढला, त्याच्या सुमारे ९० टक्के निष्क्रिय गोळीनेही वाढला. वेदना खऱ्याच होत्या. त्यांचे मूळ बव्हंशी गोळी घेतल्याच्या जाणिवेत होते.

भारतात अटॉर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहे. त्यामुळे त्याच्या किमतीवर नियंत्रण आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाला ते सहसा दिलेच जाते. इतरांच्या बाबतीत वय, रक्तदाब, तंबाखूसेवन आणि मधुमेह पाहून डॉक्टर निर्णय घेतात. त्रास झाल्यास मात्रा कमी करणे, दुसरे स्टॅटिन देणे किंवा एझेटिमाइबचा आधार घेणे हे पर्याय उरतात.