कंपनीच्या नावात बदल : कायदा व व्यवहार

नोकरीच्या जोडीने उद्योगधंद्याकडे वळणारे तरुण आता आपल्या वस्त्यावस्त्यांतून दिसू लागले आहेत. कुणी दोन-तीन मित्र मिळून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढतात, कुणी एखाद्या कंपनीत हिशेबनीस म्हणून लागतो, आणि आपले बहुसंख्य बांधव कंपन्यांतून कामगार म्हणून राबतात. या सर्वांना केव्हा ना केव्हा एका प्रश्नाला सामोरे जावे लागते. तो प्रश्न म्हणजे कंपनीच्या नावातील बदल. फाटकावरची पाटी एका रात्रीत बदलते आणि खात्याखात्यातून कुजबूज सुरू होते. जुनी नोकरी गेली काय? फंडाचे काय होणार? कोर्टात चालू असलेला दावा आता कोणाविरुद्ध चालणार? वाणिज्य व कायदा शाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय परीक्षेपुरता माहीत असतो. परंतु परीक्षेतील उत्तर आणि फाटकावरचा प्रश्न यांची सांगड कोणी घालून देत नाही. म्हणून सदर लेखात आम्ही हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने एक स्वतंत्र व्यक्ती होय. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ९ प्रमाणे नोंदणीच्या दिवसापासून तिला स्वतःचे अस्तित्व मिळते. तिचे संचालक बदलोत, भागधारक बदलोत, ती तीच राहते. नाव हे या व्यक्तीचे केवळ नाव आहे. आपल्यापैकी अनेकांनी शासकीय राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलून घेतले आहे. तेवढ्याने सोसायटीचे कर्ज फिटले काय? शाळा सोडल्याचा दाखला रद्द झाला काय? वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क गेला काय? नाही. कंपनीचेही नेमके तसेच आहे. जुन्या, म्हणजे १९५६ च्या कंपनी कायद्यातील कलम २३ मध्ये हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते की, नावबदलामुळे कंपनीचे हक्क किंवा जबाबदाऱ्या यांवर काहीही परिणाम होणार नाही आणि जुन्या नावाने चाललेले दावे नव्या नावाने पुढे चालू राहतील. तत्त्व आजही तेच आहे.

मोठमोठ्या कंपन्यांची उदाहरणे घेतली म्हणजे हे लवकर ध्यानात येते. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस कन्सल्टंट्स प्रायव्हेट लिमिटेड ही कंपनी १९९२ मध्ये इन्फोसिस टेक्नॉलॉजीज झाली, त्याच वर्षी तिच्या नावातील 'प्रायव्हेट' हा शब्द गेला आणि २०११ मध्ये ती नुसती इन्फोसिस लिमिटेड झाली. कंपनी मात्र १९८१ चीच. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजूनही 'टेल्को' असते, ती २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली. हिंदुस्थान लिव्हर २००७ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हर झाली. टेल्कोत भरती झालेला कामगार टाटा मोटर्समधून निवृत्त झाला, तरी त्याची नोकरी एकच. उलट बाजूचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. झोमॅटो लिमिटेड या कंपनीचे नाव मार्च २०२५ मध्ये इटर्नल लिमिटेड झाले, परंतु घरपोच जेवण मागवण्याची सेवा झोमॅटो याच नावाने चालू राहिली. म्हणजे कंपनीचे नाव वेगळे आणि बाजारात चालणारे नाव वेगळे असू शकते. फाटकावरच्या किंवा टी-शर्टवरच्या नावावरून मालक कोण हे ठरवू नये.

आता कार्यपद्धतीकडे वळू. कंपनीचे नाव तिच्या मेमोरँडममध्ये, म्हणजे घटनापत्रात लिहिलेले असते. ते बदलणे म्हणजे घटनापत्र बदलणे. हा अधिकार कलम १३ प्रमाणे भागधारकांच्या सभेला आहे. संचालकांनी आपापसांत ठरवून पाटी बदलली, तर तो कायदेशीर नावबदल नव्हे.

तरी सुरुवात संचालक मंडळापासूनच होते. मंडळाने ठराव करून नवे नाव निबंधकाकडे राखून ठेवण्यासाठी अर्ज करावयाचा. हा अर्ज केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 'रन' या सेवेतून होतो. शुल्क १००० रुपये असून पसंतीची दोन नावे देता येतात. नाव मंजूर झाले म्हणजे ते ६० दिवस राखून ठेवले जाते. मंजुरीचे पत्र हाती पडताच कित्येक जण पेढे वाटून मोकळे होतात आणि लेटरहेड छापायला टाकतात. परंतु हे केवळ आरक्षण आहे. रेल्वेचे आरक्षण मिळाले म्हणजे आपण गावी पोहोचलो असे होत नाही.

या ६० दिवसांचा हिशेब नीट मांडावा लागतो. सर्वसाधारण सभेची सूचना किमान २१ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. सूचना दिल्याचा दिवस व सभेचा दिवस त्यात धरीत नाहीत. सूचनेबरोबर नाव का बदलावयाचे याचे स्पष्टीकरण जोडावे लागते. मुद्दल मसुदा तयार होण्यात आठ-दहा दिवस गेले, एखादा संचालक गावी गेला, सही राहिली, की बघता बघता दीड महिना उलटतो. मग आरक्षण संपते आणि पुन्हा पहिल्यापासून.

सभेत जो ठराव व्हावयाचा तो विशेष ठराव असतो. विरोधात पडलेल्या मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने पडली पाहिजेत. विद्यार्थ्यांनी येथे एक गणित करून पाहावे. समजा, एका कंपनीत तीन भागधारक आहेत. त्यांचे समभाग अनुक्रमे ६०, २५ व १५ असून समभागांच्या प्रमाणात मतदान झाले. ६० वाल्याने बाजूने आणि उरलेल्या दोघांनी विरोधात मत दिले, तर ४० ची तिप्पट १२० होते, ठराव पडला. १५ वाला तटस्थ राहिला आणि २५ वाल्याने विरोध केला, तरी २५ ची तिप्पट ७५. ६० मते पुरत नाहीत, ठराव पुन्हा पडला. मात्र २५ वाला तटस्थ राहून एकट्या १५ वाल्याने विरोध केला, तर १५ ची तिप्पट ४५ आणि बाजूने ६०, ठराव मंजूर. म्हणजे जो मत देत नाही तो गणितातूनच बाहेर जातो. सभेला जाऊन गप्प बसणाऱ्या आपल्या भागधारक बांधवांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

ठराव झाल्यावर ३० दिवसांच्या आत तो एमजीटी-१४ या नमुन्यात दाखल करावयाचा आणि आयएनसी-२४ या नमुन्यात नावबदलाच्या मंजुरीसाठी अर्ज करावयाचा. सर्व ठीक असेल तर निबंधक नोंदपुस्तकात जुन्या नावाच्या जागी नवे नाव लिहून नवा नोंदणी दाखला देतात. कायद्याने नाव बदलले ते या दाखल्यानेच. सभेच्या दिवशी नव्हे, अर्जाच्या दिवशीही नव्हे. दाखला मिळण्यापूर्वी नव्या नावाने करार करणे, बिले फाडणे हे अयोग्य होय.

एक अट आम्हास फार महत्त्वाची वाटते. ज्या कंपनीने आपली वार्षिक विवरणपत्रे किंवा हिशेबपत्रके निबंधकाकडे दाखल केलेली नाहीत, अथवा मुदत संपलेल्या ठेवी किंवा त्यांवरील व्याज परत केलेले नाही, तिला नाव बदलू दिले जात नाही. आधी थकलेले काम पुरे करा, मग नवे नाव घ्या, असा हा नियम आहे. बुडीत ठेवींमध्ये ज्यांनी आयुष्याची पुंजी गमावली त्यांना या अटीचे मोल वेगळे सांगावयास नको.

नाव कोणते घ्यावे यालाही मर्यादा आहेत. अस्तित्वात असलेल्या कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते नाव चालत नाही. अनेकवचन केले, एखादे अक्षर बदलले, दोन शब्द जोडून लिहिले, तरी ते नाव वेगळे धरले जात नाही. इंग्रजी नावाचे संपूर्ण हिंदी भाषांतर केले तरीही नाही. दुसऱ्याच्या नोंदलेल्या व्यापारचिन्हाशी जुळणारे नाव त्याच्या संमतीवाचून मिळत नाही. नॅशनल, बोर्ड, कमिशन यांसारख्या सरकारी वाटणाऱ्या शब्दांना पूर्वपरवानगी लागते. बँक, इन्शुरन्स अशा शब्दांना त्या त्या नियामक संस्थेची मान्यता लागते.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने एक बाब मुद्दाम नोंदवितो. श्रद्धेपोटी आपल्यातील काही जण धंद्याला 'धम्मचक्र', 'धर्मचक्र' अशी नावे देऊ इच्छितात. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा, १९५० याच्या अनुसूचीत 'अशोकचक्र' व 'धर्मचक्र' या शब्दांचा समावेश आहे. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांची नावेही त्यात आहेत. केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून त्यांचा धंद्यासाठी वापर करता येत नाही. 'धम्मचक्र' हे पाली रूप असले, तरी तेवढ्यावर विसंबून नाव मागणे धोक्याचे. कंपनीचे नाव मागताना ही अनुसूची एकदा वाचून घ्यावी, म्हणजे शुल्क आणि वेळ वाया जात नाही.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सेबीचा आणखी एक लगाम आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नावात 'सॉफ्टवेअर', 'इन्फोटेक', 'डॉट कॉम' असे शब्द घालून समभागांचे भाव चढविण्याची लाट आली होती. धंदा कापडाचा, नाव संगणकाचे! आता सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे मागील नावबदलाला किमान एक वर्ष झालेले असावे लागते. आणि नवे नाव नवा धंदा सुचवीत असेल, तर मागील एका वर्षाच्या उत्पन्नाचा किमान निम्मा भाग त्या धंद्यातून आलेला असावा किंवा मालमत्तेच्या निम्म्याइतकी रक्कम त्यात गुंतविलेली असावी, अशी अट आहे.

कधी कधी नाव स्वखुशीने नव्हे, तर हुकमाने बदलावे लागते. एखाद्या कंपनीचे नाव दुसऱ्याच्या नावासारखे आहे असे दिसून आल्यास कलम १६ प्रमाणे ते बदलण्याचा आदेश देता येतो. व्यापारचिन्हाच्या मालकाला त्यासाठी तीन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आदेश झाल्यावर तीन महिन्यांत नाव बदलावयाचे असते आणि त्यासाठी साधा ठराव पुरतो. कंपनीने हुकूम मानलाच नाही तर? २०२१ पासून यावर मोठा मजेशीर उपाय आहे. सरकार स्वतःच त्या कंपनीला नाव देते. त्यात 'ओआरडीएनसी' ही अक्षरे, आदेशाचे वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा ओळख क्रमांक एवढेच असते. या अक्षरांचा अर्थ, आदेश न पाळणारी! असे नाव पाटीवर लावून धंदा करण्याची हौस कोणास असेल असे वाटत नाही.

दाखला मिळाल्यानंतरची कामे कंटाळवाणी खरी, परंतु ती टाळता येत नाहीत. घटनापत्राच्या प्रत्येक प्रतीत दुरुस्ती, शिक्के, पॅन व टॅन, बँक खाती, जीएसटी नोंदणी, भविष्य निर्वाह निधी व कामगार विमा यांचे संकेतांक, वीजजोडणी, जागेचे उतारे, चालू दाव्यांमध्ये नावदुरुस्तीचा अर्ज. जीएसटीच्या बाबतीत १५ दिवसांची मुदत असते. शिवाय कलम १२ प्रमाणे पुढील दोन वर्षे पाटीवर, पत्रांवर व बिलांवर नव्या नावासोबत जुने नावही लिहावे लागते. ही तरतूद जुन्या देणेकऱ्यांपासून कंपनीला लपता येऊ नये यासाठीच आहे. ती न पाळल्यास दररोज १००० रुपयांप्रमाणे, जास्तीत जास्त एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो.

आता कामगार बांधवांच्या प्रश्नाकडे येऊ. नाव बदलले म्हणून नोकरी तुटत नाही, ग्रॅच्युइटीसाठी मोजावयाची सलग सेवा खंडित होत नाही, फंडाची रक्कम कुठे जात नाही. मग भीती निराधार आहे काय? सर्वस्वी नाही. काही मालक 'नाव बदलले' असे तोंडी सांगतात आणि प्रत्यक्षात मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच कंपनी काढून कामगारांकडून राजीनामे व नवी नेमणूकपत्रे सह्या करून घेतात. पाटी बघून या दोन गोष्टींतला फरक कळत नाही. तो कळतो कंपनीच्या ओळख क्रमांकावरून, ज्याला सीआयएन म्हणतात.

हा क्रमांक २१ अक्षरे-अंकांचा असतो. त्यात कंपनी बाजारात नोंदलेली आहे की नाही, धंद्याचा संकेतांक, राज्य, नोंदणीचे वर्ष, कंपनीचा प्रकार आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक असतो. नुसत्या नावबदलाने नोंदणीचे वर्ष बदलत नाही. इन्फोसिसच्या ओळख क्रमांकात १९८१ हे वर्ष आजही आहे. राज्य बदलले, धंदा बदलला किंवा प्रायव्हेटची पब्लिक झाली तर त्यातील काही भाग बदलू शकतो. परंतु वीस वर्षे चाललेल्या कारखान्याच्या 'नव्या नावाच्या' कंपनीचे नोंदणी वर्ष चालू सालचे दिसले, तर ती वेगळी कंपनी आहे असे समजावे आणि कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी युनियनच्या किंवा माहीतगार वकिलाच्या कानावर घालावे.

हा क्रमांक कंपनीच्या लेटरहेडवर छापलेला असावा लागतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या मूळ माहितीत तो पाहता येतो आणि ठरलेले शुल्क भरून नावबदलाचा दाखला व दाखल केलेले कागदही कोणालाही पाहता येतात. पगारपत्रकावरचा, फंडाच्या पुस्तिकेवरचा आणि नव्या नेमणूकपत्रावरचा तपशील या क्रमांकाशी ताडून पाहण्याचे काम आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी घरातल्या मोठ्यांसाठी एका संध्याकाळी सहज करून द्यावे.